लग्नाची पहिली ऑर्डर कधी घ्यावी? (डीजे, साउंडवाले आणि ज्यांच्या लग्नात ते वाजले अशा सगळ्यांचे अनुभव)

ढोलकीवाला
भाच्याने दिवाळीत डीजेचा कंट्रोलर घेतला. दोन डेकचा, लॅपटॉपला जोडायचा. तेव्हापासून हेडफोन घालून वरच्या खोलीत मान हलवत बसतो, खाली आम्हाला नुसती फरशी हलल्याचं कळतं. काल जेवताना म्हणाला, "मामा, मित्राच्या ताईचं लग्न आहे वैशाखात. घेऊ का ऑर्डर?" बहीण लगेच माझ्याकडे बघायला लागली, कारण एके काळी मीही कराडकडच्या एका साउंडवाल्या मालकांकडे केबल गुंडाळायला होतो. तेव्हा लॅपटॉप नव्हते. सीडीची पाकिटं, त्यावर स्केचपेनने लिहिलेलं: वरात, जेवण, बायका.

मालकांनी मिक्सिंग वगैरे काही शिकवलं नाही. एकच सांगायचे, गुरुजींच्या हाताकडे बघ. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी "शुभमंगल सावधान" येतं आणि नवखा पोरगा पहिल्याच सावधानला प्ले दाबून मोकळा होतो. गुरुजींचं झालं की मावशी उठते. मावशीचं झालं की आत्या, तिने तर वहीचं पान भरून आणलेलं, सगळ्या चुलत्यांची नावं चालीत बसवून. मुहूर्त टळायला आला की गुरुजी स्वतःच "तदेव लग्नं" धरतात. ते कानावर आलं की बोट बटणावर ठेवायचं, आणि अंतरपाट बाजूला झाला की दाबायचं. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही.

एका गोरज मुहूर्ताला मालक म्हणाले "सांभाळ" आणि जेवायला गेले. आले ते पान खाऊन सावकाश. हार घालून झाले होते, सनई चालू होती, मालक जागेवर नव्हते हे मांडवात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याच हंगामात त्यांनी मला पहिल्यांदा एकट्याला पाठवलं.

आता काळ वेगळा आहे, त्यामुळे भाच्याला काय सांगावं ते सुचेना. तुमचे अनुभव लिहा. वाजवणारे, नाचणारे, वैतागणारे सगळे चालतील. भाचा वाचणार आहे, शिव्या जपून.

कडक_पापड
आत्याच्या मंगलाष्टकाला प्रचंड हसले. आमच्या आत्याने माझ्या लग्नात नवऱ्याच्या कंपनीचं नाव पण घातलं होतं. यमक जुळेना म्हणून कंपनीच बदलली :)

उंबरा
उरणला असतो, हळदीच्या ऑर्डरी करतो. मामा, तुमच्या भाच्याला एक विचारा: सिंकचं बटण (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं) बंद करून वाजवता येतं का? कॉलेजच्या पार्टीत सगळी गाणी मशीनवर बनलेली, ठेका घड्याळासारखा. सिंक दाबलं की चिकटतात. आमच्याकडे हळदीत आगरी-कोळी गाणी लागतात, सहा मात्रांचा ठेका. सॉफ्टवेअर त्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) कधी निम्मा दाखवतं, कधी दीडपट. आणि जुनी रेकॉर्डिंग्ज तर ढोलकीवाल्याने समोर बसून वाजवलेली, कडव्याला लय चढते, धृपदाला उतरते. सॉफ्टवेअरने आखलेली ठोक्यांची ग्रिड पहिल्या मिनिटाला बरोबर असते, तिसऱ्याला फाटते. तिथे कान आणि जॉगव्हील (हाताने फिरवायची चकती), बाकी कोणी वाचवत नाही. मी घरी दर गाण्याला जिथे ठेका स्वच्छ सुटतो तिथे क्यू (खूण) टाकून ठेवतो, म्हणजे मधे मिक्स करायलाच नको, सरळ तोडून पुढचं.

दुसरं. हळदीला घरात धवलारीण येते, लग्नाची पारंपरिक गाणी गाणारी बाई. ती धवला (तेच गाणं) लावते तेव्हा बाहेरचा साउंड पूर्ण खाली. नुसता कमी नाही, बंद. आजकाल पोरं तिच्या गळ्यासमोर बेस सोडतात. मग म्हाताऱ्या बायका येऊन जे ऐकवतात ते इथे लिहिता येणार नाही.

ढोलकीवाला
@उंबरा हे फार कामाचं. धवलारणीचं आमच्या घाटावर माहीतच नाही कुणाला. गाणाऱ्या बायका अजून आहेत का हो?

उंबरा
आहेत. कमी झाल्या. मोठ्या हळदीला लांबून गाडी पाठवून आणतात. माझी आजी म्हणायची ते सगळं मला येतं, पण पुरुषाने गायचं नसतं म्हणतात घरचे. असो.

साउंडचेक
मिक्सिंगवर सगळे बोलतील, मी विजेवर बोलतो. माझं काम सिस्टीम लावायचं, डीजे येतात आणि जातात.

लग्नात लॉनवर किंवा गावात जनरेटर नाहीतर थ्री फेजचा तात्पुरता बोर्ड असतो. मंडपवाला, लाइटवाला, केटरर सगळे त्याच्यावरच. न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजला २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत जातं आणि अॅम्प (अॅम्प्लिफायर), लॅपटॉपचा चार्जर, सगळं एका क्षणात धूर. म्हणून काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावायचा. पोराकडे मल्टिमीटर आहे का आणि तो वाचता येतो का, हा माझा पहिला प्रश्न.

हम्म असा आवाज यायला लागला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला? मग ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जुळलंय. मधे डीआय बॉक्स टाका, तो ती वाट तोडतो. चार्जरची किंवा अॅम्पची अर्थिंगची पिन तोडायची नाही. पत्र्याच्या मांडवात, ओल्या जमिनीवर, ती पिन माणूस वाचवते. हे मी ओरडून सांगतो तरी दर हंगामात एक तरी तुटकी पिन बघतो.

कंट्रोलरवर लाल दिवा लावून वाजवणारा तयार नाही. लाल गेलं की आवाज वाढत नाही, फाटतो, आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा स्पीकर) जळतो तो माझा. आवाज हवा असेल तर मला सांगा, मी पुढून देतो. आणि अजून वॅटचं. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज असं पार्टी समजते. दुप्पट वॅटने ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतात. तेवढ्यासाठी भाड्याने बेसचे चार स्पीकर जास्त आणण्यापेक्षा टॉप (गाण्याचे वरचे स्पीकर) डोक्याच्या वर चढवा, मागच्या रांगेला गाणं कळेल.

पिंपळपान
आम्ही मंगल कार्यालयाच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. माझा अनुभव गादीवर पडून छताकडे बघण्याचा. तयार झालेला डीजे म्हणजे १० वाजता बंद करणारा डीजे, संपलं. २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ४५! आमच्या फ्रिजचा आवाज त्याच्या आसपास असेल. खाली बेस सुरू झाला की भांडी मांडणीवरून चालायला लागतात.

उंबरा
काका बरोबर आहे तुमचं. पण १० ला बंद करायला गेलो की नवरदेवाचा काका येतो, "मी बोललोय साहेबांशी, तू वाजव." पोलीस आले की काका गायब आणि मशीन जप्त होतं ते आमचं. वर्षात १२ वाजेपर्यंत सवलतीचे ते १५ दिवस सणांसाठी असतात, लग्नाचा त्यात संबंध नाही. मी आता ऑर्डर घेतानाच लिहून घेतो. ९:४० ला शेवटची चार गाणी अशी घोषणा करतो, लोक पण मग जीव तोडून नाचतात. १० ला केबल काढायला सुरुवात. केबल काढलेल्या माणसाशी कोणी वाद घालत नाही.

पिंपळपान
तुम्ही आमच्या कार्यालयात का येत नाही वाजवायला?

मिरजेची_मिरची
आमच्या लग्नात डीजे म्हणजे एक अगदी मिसरूड फुटलेला मुलगा आला होता. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण त्याने काय केलं सांगते. जेवणं सुरू असताना आजेसासूबाई खुर्चीत बसून पेंगत होत्या, त्याने जाऊन विचारलं, आजी तुमच्या लग्नात काय वाजलं होतं? त्या म्हणाल्या, बाबा, ताशा आणि सनई, दुसरं काय असणार. त्याने जेवणभर सनई ठेवली हळू आवाजात. पंगतीत बोलणं ऐकू येत होतं एकमेकांचं. जिलबी पण त्या दिवशी काय झाली होती! मठ्ठा मात्र पाणी. मठ्ठ्यात आलं कमी घालतात हल्ली, कुणाच्या लक्षात आलंय का?

कडक_पापड
आलं कमी आणि साखर जास्त. साखर!! मठ्ठ्यात!!

नागपुरी_संत्रं
आमच्याकडे लग्न एप्रिल-मेमध्ये, ४५ डिग्री. तुमच्या भाच्याला म्हणा आधी एका भर दुपारच्या वरातीत उभा राहून पाह्य. अॅम्प तापला की स्वतःहूनच बंद पडते, त्याचं प्रोटेक्शन असते ते. अर्ध्या गाण्यात वरात उभी, नवरदेव घोड्यावर, घोडा पण आमच्याकडे पाहून राहिला. लॅपटॉप तर उन्हात स्क्रीनच दिसत नाही. आम्ही रॅकला मागून पंखा लावतो, लॅपटॉपवर खोक्याची सावली करतो, आणि सगळी गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर पण असतात, दुसऱ्या फोनवर पण. बँडवाल्यांशी दोस्ती ठेवा. आपलं बंद पडलं तर ते दोन गाणी ओढून नेतात, ते थकले की आपण.

कानसेन
मी कान तपासण्याचं काम करते (ऑडिओलॉजी). विषय थोडा बाजूचा आहे पण राहवत नाही. ८५ डेसिबलला ८ तास ही कानाची साधारण सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. लग्नाचा डीजे चार तास उभा असतो आणि हेडफोनमध्ये त्याहून मोठ्याने लावतो, कारण बाहेरचं त्याला झाकायचं असतं. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजते, सकाळी जाते, म्हणून वाटतं काही झालं नाही. होत असतं. गेलेलं परत येत नाही. संगीतवाल्यांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यात सूर फाटत नाहीत, फक्त पातळी उतरते. कंट्रोलर घ्यायला पैसे होते तर हे पण घ्या म्हणावं. टॉपच्या बरोब्बर समोर लहान मुलं खेळत असतात, तेवढं पण बघा प्लीज. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

साउंडचेक
@कानसेन तुमचं म्हणणं मान्य. अंतर दुप्पट केलं की उघड्यावर ६ डेसिबल उतरतात, म्हणून मी स्पीकरसमोर दोन टेबलं आडवी टाकतो. आपोआप लोक लांब राहतात. लोक त्यावर कोल्ड्रिंक ठेवतात ही वेगळी गोष्ट.

पंचांगवाला
नमस्कार. मी मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बाजूचा. ढोलकीवाले, तुमच्या मालकांना माझा दंडवत, अशी माणसं मिळत नाहीत. कॉलर माइक लावून आम्हाला देतात आणि विसरतात. होम चालू असताना मी यजमानांना हळूच विचारलं, "दक्षिणेचं पाकीट कुणाकडे आहे?" ते सातशे माणसांनी ऐकलं. मागून कोणीतरी ओरडलं, "मामाकडे!"

तेव्हा माझी एकच विनंती, म्यूटवर बोट. विधीत काही भाग सगळ्यांनी ऐकायचा असतो, कन्यादानाचा संकल्प, सप्तपदी. मधे आम्ही तूप आणा, पाट सरकवा, असं बोलत असतो, ते जगाला ऐकवू नका. आदल्या दिवशी किंवा सकाळी पाच मिनिटं माझ्याजवळ येऊन बसलात तर मी सगळा क्रम सांगतो. आजवर असे येऊन बसलेले पोरगे विरळाच. जे बसले त्यांची नावं मी पुढच्या यजमानांना सुचवतो, हेही सांगून ठेवतो. माइक स्पीकरच्या मागे ठेवा, पुढे नको. शिट्टी येते आणि बटू घाबरतो. (मुंजीचं सांगतोय, मिसळलं दोन्ही.)

रात्रपाळी
मुलगी आहे, पुण्याबाहेरची लॉन्स करते. बाबा गाडी घेऊन सोबत येतात अजून.

वर कोणी लिहिलं नाही ते लिहिते. तयार कधी? तर नवरदेवाचे मित्र दारू पिऊन कन्सोलवर चढतात तेव्हा. एकाला एक गाणं, दुसऱ्याला दुसरं, तिसरा माझा फोन घेऊन स्वतःच ब्लूटूथ लावायला बघतो. भांडले तर मी वाईट, ऐकलं तर फ्लोअर रिकामा. मी काय करते, ऑर्डर घेतानाच विचारते, गाण्याबद्दल शब्द कुणाचा? एकच नाव, एकच नंबर. बहुतेक वेळा नवरीची बहीण निघते. मग कोणी आलं की "ताईंना विचारा ना" म्हणायचं आणि ताई त्यांना बघून घेते :) फर्माईश वहीत लिहून घेते, समोर दिसेल अशी. लिहिलं गेलंय हे बघूनच निम्मे लोक शांत होतात. वाजवीन असं वचन देत नाही.

आणि नको असलेल्या गाण्यांची यादी आधी घ्या. ही हव्या असलेल्यांपेक्षा महत्त्वाची. एका घरात नुकतंच कोणी गेलेलं होतं, त्यांचं आवडतं गाणं टाळायला सांगितलं होतं नवरीने. असं न विचारता कळणार कसं?

माझा पहिला शो हळदीचा होता, घरगुती, अंगणात. तिथून सुरुवात करावी असं माझं मत. नंतर संगीत, मग रिसेप्शन. मुहूर्त सगळ्यात शेवटी. रिसेप्शनला चार मिनिटं इकडेतिकडे झालं तर चालतं, मुहूर्ताला परत संधी नाही.

ढोलकीवाला
@रात्रपाळी भाच्याने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वही आणायला खाली गेलाय.

खाडीपलीकडे
वसईचा. आता कामानिमित्त गोव्यात. आमच्या ख्रिस्ती लग्नात वेगळीच गंमत. चर्चमध्ये आपलं काही काम नाही, सगळं रिसेप्शनला. तिथे एमसी (सूत्रसंचालक) राजा. एन्ट्री, केक, टोस्ट, पहिला डान्स, तो बोलेल तसं. गोव्यात लाइव्ह बँड असतो आणि बँड दम घेतो त्या वेळात डीजे. तेव्हा बँडने शेवटचं कुठल्या लयीत सोडलं ते ऐकून तिथून उचलायचं असतं. स्वतःचा सेट घरून रचून आलेला मुलगा इथे फसतो.

कागदांचं पण सांगतो, हॉटेलं फार छळतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट लिहिलेली आहे. २०२३ मध्ये केंद्राने तसं पत्रकही काढलं. गोवा सरकारने २०२४ च्या जानेवारीत त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं, ते ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने रद्द केलं. कायद्यातली सूट आहे तिथेच आहे, पण मॅनेजर म्हणतो गाण्यांच्या परवान्याची पावती दाखवा नाहीतर प्लग काढतो. मांडवात उभं राहून कलम वाचून दाखवायचं का? करारातच घाला की परवाने आणि त्यांचे पैसे पार्टीकडे. नवख्या मुलाकडे करारच नसतो, व्हॉट्सअॅपवर अंगठा असतो.

न्यूजर्सीची_वहिनी
इकडे लेकीच्या लग्नाला देशी डीजे होता, पण पंजाबी-गुजराती लग्नं केलेला. भांगडा आणि गरबा फर्स्ट क्लास. अंतरपाट म्हणजे काय ते त्याला कळेना. शेवटी माझा भाऊ कन्सोलशेजारी उभा राहिला, खूण करायला. आता ढोलकीवाले काका तुमचं "तदेव लग्नं" आधी वाचलं असतं तर भाऊ अक्षता टाकायला तरी आला असता. इकडे हॉल डीजेकडून विम्याचा कागद मागतो, उपकरण पडून कोणाला लागलं तर म्हणून. तो नसेल तर आत सोडत नाहीत. नावांचे उच्चार त्याने रेकॉर्ड करून मागितले होते हे मात्र आवडलं. व्याह्यांचं आडनाव अमेरिकन माणसाला जमणार नव्हतंच, त्याला जमलं.

सोलापुरी चादरीवर वऱ्हाड बसवायचा हट्ट होता माझा, त्याची गोष्ट वेगळ्या धाग्यात.

कडक_पापड
वहिनी ती गोष्ट इथेच टाका, धागा तसाही मठ्ठ्यावर गेलाय.

नवशिक्या_७
मी पण शिकतोय. मला वाटतं तुम्ही सगळे घाबरवताय. उडी मारल्याशिवाय पोहणं येतं का? मित्राचं लग्न, ओळखीचे लोक, चुकलं तर चुकलं. मी घेतलीये मे महिन्यातली.

साउंडचेक
घे रे भावा, जरूर घे. फक्त मित्राला आत्ताच सांग की हे तुझं पहिलं आहे, आणि मुहूर्ताचा माइक अनुभवी माणसाकडे दे. केबल दुप्पट ने. लॅपटॉपचे अपडेट आदल्या आठवड्यात करून टाक, त्या दिवशी नेट बंद, नोटिफिकेशन बंद. लग्नात "टिंग" असा व्हॉट्सअॅपचा आवाज सगळ्या स्पीकरमधून आलेला मी ऐकलाय.

नवशिक्या_७
ओके. मल्टिमीटर कुठला घेऊ?

साउंडचेक
साधा डिजिटल चालतो, एसी व्होल्टेज दाखवणारा. वायरी जाड इन्सुलेशनच्या बघ. पहिल्यांदा वायरमनसमोर वापर, एकट्याने बोर्डात घालू नको.

मिरजेची_मिरची
@रात्रपाळी तुम्ही सांगलीकडे येता का? दिराचं आहे, तुळशीच्या लग्नानंतर. मुहूर्त अजून निघायचाय.

रात्रपाळी
येते ताई, पण प्रवासाचे वेगळे होतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. संगीत पण आहे का नुसतं रिसेप्शन?

मिरजेची_मिरची
दोन्ही. आणि आजेसासूबाई अजून आहेत, सनई ठेवा जेवणाला.

पंचांगवाला
मुहूर्त काढायचा असेल तर कळवा, मिरजेत माझे मावसभाऊ असतात. त्यांचा आवाज मोठा आहे, माइक लागत नाही.

उंबरा
गुरुजी असे दोन-चार आमच्याकडे पाठवा :)